मामांचं बिनपात्याचं टर्बाइन

केडगावला माझ्या सासऱ्यांचं लेथचं दुकान होतं. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणायचो. गुऱ्हाळाचा चरक, विहिरीवरचा पंप, कुट्टीचं मशीन, काहीही मोडलं की लोक आधी त्यांच्याकडे यायचे. शिक्षण चौथीपर्यंतचं. पण यंत्राला पाना टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावायचे आणि बेअरिंग कुठे गेलंय ते सांगायचे. मी इंजिनिअर. रांजणगावला गाड्यांचे टर्बो बनवणाऱ्या कारखान्यात टेस्टिंगला आहे, राहायला शिरूरला. मूळ गाव निमोणे. आमच्या सगळ्या भावकीत टर्बाइन या शब्दाशी पोटापाण्याचा संबंध आलेला मी एकटाच, त्यामुळे मामांना माझं भारी कौतुक. ते कौतुक मला आवडायचं, हे आधीच सांगून टाकतो.

लग्नानंतरचा पहिला अधिक महिना आला आणि मला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. त्या महिन्यातला जावयाचा थाट काय सांगावा! पाय धुतले, ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले, नवा पोशाख दिला. एरवी दहावा ग्रह म्हणून ज्याला नावं ठेवायची, त्यालाच त्या दिवशी देव करून पाटावर बसवायचं. जेवण झाल्यावर मामा मला दुकानात घेऊन गेले. खांद्यावरच्या टॉवेलने स्टूल पुसलं, मला बसवलं, स्वतः उभे राहिले. मग पोत्याखालून त्यांनी एक यंत्र काढलं.

गोल डबा. आत एका दांड्यावर ओवलेल्या पातळ, सपाट चकत्या, दोन चकत्यांच्या मध्ये एकेक वायसर. पातं एकही नाही. हवा कडेने आत शिरते, चकत्यांमधून गोल फिरत मध्याकडे जाते आणि तिथल्या भोकांतून बाहेर पडते. जाता जाता चकत्यांना नुसती चाटून जाते, तेवढ्यावर त्या फिरतात. फोनवरच्या एका व्हिडिओत कुणा परदेशी माणसाने जुन्या सीड्या जोडून असलं यंत्र केलेलं मामांनी पाहिलं होतं. त्यांनी कॉम्प्रेसरची नळी लावली. यंत्र आधी गुणगुणलं, मग अशी शिटी मारायला लागलं की रस्त्याने जाणारी माणसं थांबून आत डोकावू लागली.

“ह्ये झालं हवेवर,” मामा म्हणाले. “मला ह्ये जाळावर चालवायचंय. गुऱ्हाळावर चिपाडाचा एवढा जाळ असतो, निम्मा धुराड्यातनं वाया जातो. आधी गॅसवर करू, मंग चिपाडावर. पातं न्हाई म्हंजी कास्टिंग न्हाई. कास्टिंग न्हाई म्हंजी कुठल्याबी गावातल्या लेथवाल्याला जमंल. सांगा जावईबापू, चालंल का?”

मला उत्तर माहीत होतं. हवेवर रिकामं फिरणं वेगळं आणि इंधन जाळून काम करून घेणं वेगळं. जाळातून ताकद काढायची तर आधी हवा दाबावी लागते. ती दाबायला दुसरं यंत्र लागतं आणि त्या दुसऱ्या यंत्राचं पोट भरण्यातच असल्या टर्बाइनची सगळी कमाई जाते. शिवाय पातळ चकत्या तापल्या की वाकतात. मधली फट कागदाएवढी, चिपाडाची राख ती बुजवून टाकणार. आमच्या कारखान्यातली पात्यांची चाकं लाल होऊन मिनिटाला लाखभर फेरे मारतात, पण ती कसल्या धातूची असतात आणि त्यांच्यामागे किती माणसं राबतात ते मी रोज बघत होतो. गावातल्या लेथवर होणारं ते काम नव्हतं. हे सगळं तिथेच, त्या स्टुलावर बसून सांगता आलं असतं.

मी म्हणालो, “चालेल की, मामा. थोडं बघावं लागेल, पण चालेल.”

अंगावर त्यांनी दिलेला कोरा शर्ट होता. तो घालून त्यांना नाही म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

मोटरसायकलवरून परत येताना पारगावच्या पुलावर बायकोने मागून विचारलं, “अहो, खरंच चालेल का ते?” मी म्हणालो, “म्हातारपणी विरंगुळा आहे, राहू दे.” होकारापेक्षा या वाक्याची मला आज जास्त लाज वाटते. मामा तेव्हा साठीचेही नव्हते, आणि विरंगुळा म्हणून त्यांनी जन्मात काही केलं नव्हतं.

ते कामाला लागले. सकाळी गिऱ्हाइकांची कामं उरकायची आणि दुपारपासून दिवस मावळेपर्यंत टर्बाइन. मी रविवारी गेलो की चहाच्या आधी यंत्र दाखवायचे. मी मान डोलवायचो, एखादी सूचना करायचो, पुढच्या खेपेला शिरूरहून स्टेनलेसचा पत्रा कापून न्यायचो. खोटं एकदा बोललं की त्याला पत्राही पुरवावा लागतो.

भांडगावला त्यांचे एक मित्र होते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली लेथ शिकलेले. दर बाजारादिवशी आप्पांचा चहा मामांच्या दुकानात ठरलेला. एकदा मी असताना आप्पांनी ते यंत्र उलटंपालटं करून बघितलं आणि हसले.

“आरं, फुंकणीनं गिरणी चालवाया निघालास व्हय? हवा दाबायलाच तुझं सगळं बळ खर्ची पडंल. आन् चकत्या तापल्या की वाकत्यात. सोड ह्यो नाद.”

मामा माझ्याकडे वळले. “जावईबापू, तुम्ही बोला.”

मी चहाचा घोट घेतला, तो नको तितका लांबवला आणि म्हणालो, “करून बघितल्याशिवाय कसं कळणार, आप्पा?”

मामांची छाती फुगली. “ऐकलंस? टर्बोच्या कंपनीत हायेत ते. आमच्या जावयासमोर पुन्ना असं बोलू नगंस.”

आप्पांनी कप खाली ठेवला. उठताना माझ्याकडे नीट बघितलं. मला सगळं कळतंय हे त्यांना कळलं होतं. पुढच्या बाजाराला ते आले नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत. भीड भिकेची बहीण म्हणतात. भीड माझी होती, भीक मामांच्या वाट्याला आली.

जाळावरची पहिली चाचणी उन्हाळ्यात झाली. दुकानामागे वाळूची पोती रचली, गॅसची टाकी जोडली, हवेसाठी एका गुऱ्हाळाच्या भट्टीचा ब्लोअर मागून आणला. जाळ पेटला, शिटी चढत गेली, मामा माझ्याकडे बघून हसले आणि तेवढ्यात आतून खरवडल्यासारखा आवाज आला. यंत्र जागेवर थांबलं. निवल्यावर उघडलं तर चकत्या भाजलेल्या पापडासारख्या वाकल्या होत्या. मामांनी एक चकती हातात घेऊन उन्हात फिरवून बघितली.

“पत्रा हलका व्हता,” ते म्हणाले. “चुकलं माझं.”

तेव्हा तरी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, “जाड घेऊ या.”

जाड घेतला. मग बेअरिंग जळलं. ते बदलून बाहेरच्या बाजूला काढलं, तर दांडा थरथरायला लागला. पुढच्या वर्षी दोन-तीन मिनिटं सलग फिरलं, म्हणून त्याला एक छोटा डायनामो आणि दिवा जोडला. दिव्याची तार नुसती लालसर झाली. शेजारी ब्लोअर त्या दिव्याच्या कितीतरी पट वीज खात घरघरत होता. मामांना हे दिसत नव्हतं असं नाही, इतका अडाणी तो माणूस नव्हताच. पण जावयाने चालेल म्हटलंय, म्हणजे खोट आपल्याच हातात असणार, असं धरून ते पुन्हा चकत्या घासायला बसायचे. हळूहळू बाहेरची कामं परत जाऊ लागली. लोक हसायचे. “मामा, टर्बाइन कुठवर आलं?” मामा म्हणायचे, “जावई हायेत की बघाया.”

तीन वर्षं होत आली तेव्हा एका सकाळी ते लेथसमोरच खाली बसले. उजवी बाजू गेली होती. दौंडच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. बोलणं हळूहळू परत आलं, हात आला नाही.

घरी आणल्यावर आम्ही भेटायला गेलो. दुपारची वेळ, पडवीत खाट टाकलेली. मी टेकतो न टेकतो तोच ते म्हणाले, “जावईबापू, त्ये मशीन शिरूरला घिऊन जा. माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. थोडंच ऱ्हायलंय. तुम्ही पुरं करा.”

होकार तोंडात आलाही होता. यंत्र नेलं असतं, गॅलरीत ठेवलं असतं, दर खेपेला चाललंय म्हणून सांगितलं असतं. बायको उंबऱ्यात उभी होती. तिने काही खुणावलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मग मला ते जमेना.

मी सांगितलं. दाबाची हवा, जाळ, चकत्या, फट, राख, सगळं. मामांनी मध्येच दोन प्रश्न विचारले, दोन्ही अगदी नेमके. त्यांना समजायला जराही वेळ लागला नाही.

“म्हंजी आप्पा खरं बोलत व्हता.”

“हो.”

“तुम्हाला कवा कळलं?”

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. “पहिल्याच दिवशी, मामा.”

उजवा हात उशीवर ठेवला होता, मामा त्याच्याकडे बघत होते. मग डाव्या हाताने तो उचलून त्यांनी पोटावर घेतला.

“तवा हात व्हता मला,” ते म्हणाले. “दुसरं कायबी केलं असतं. डोक्यात लई व्हतं.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी म्हणालो, “मामा, मला बोला. शिव्या द्या.”

“पोरगा असतात तर हाणलं असतं. तुम्ही जावई. तुम्हाला काय बोलू?”

मी मान खाली घालून बसलो. त्यांनी तोंड उंबऱ्याकडे वळवलं आणि लेकीला म्हणाले, “पोरी, उन्हातनं आल्यात ते. पाणी दिलंस का?”