मिरचीवालीचा ओटा

नऊ वर्षांची होईपर्यंत माझ्यावर एकदाही राज्य आलं नव्हतं. पळण्याशी याचा काही संबंध नाही. पळायची मी भरल्या घागरीसारखी, डुचमळत. माझं सगळं कसब उजव्या अंगठ्यात. कुणी पकडायला आलं की अंगठा चाटायचा, वर धरायचा आणि ओरडायचं, "टाइमप्लीज!" मग हात लावायचा नाही, असा कायदा. कारणं मी जागेवर तयार करायची. कधी पोट दुखायचं, कधी काटा रुतायचा. एकदा तर आजोबाच वारले. ते तेव्हा समोरच्या पारावर पान लावत बसले होते.

मोताळ्याचा आठवडी बाजार उठला, की दुसऱ्या दिवशी विकणाऱ्यांचे सगळे ओटे आमचे. ओटे म्हणजे डोंगर, खालची जमीन पाणी. डोंगर बदलताना पाण्यात पकडलं, की राज्य.

एके दिवशी लांब वेणीवाली माझी मैत्रीण सगळ्यांदेखत म्हणाली, "आज हिच्यावर राज्य नाई आलं, तर उद्यापासून हिले खेळात घ्याचं नाई."

मी हसले. अंगठा होता ना!

त्या दिवशी राज्य वेणीवालीवर. मी ज्या ओट्याकडे जावं, तिथल्या पोरी ओरडायच्या, "जागा नाई वो, दुसरीकडं जाय!" शेवटी कोपऱ्यातला एकच रिकामा दिसला. त्यावर मी दोन्ही हात टेकून, गुडघे घासत चढले. मला वाटलं, काय नशीब! एवढा मोठा डोंगर एकटीला.

"डोंगर बदला!"

मी खाली उतरले आणि वेणीवाली समोर. मी ऐटीत अंगठा चाटला.

तो ओटा मिरचीवालीचा होता.

"टाइ..." एवढंच निघालं. पुढचं सगळं हा-हू. वेणीवालीने पाठीत धपाटा घातला. "आउट! काऊन वो, आज कोन वारलं?"

पोरी हसून लोळल्या. मग तिनेच घरून गुळाचा खडा आणून माझ्या तोंडात कोंबला. "खाय, न् लाग मांगं. राज्य हाय तुह्यावर."

गूळ चघळत, नाक पुसत मी दिवेलागणीपर्यंत पळले. एकही सापडली नाही. पण त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळ्या जणी माझ्याकडे बघत पळत होत्या, आणि उद्याचा खेळ पक्का होता. आई हाक मारून थकली, तरी मी काही घरी जाईना.

परवा अंगणात नातवंडांनी तोच खेळ मांडला. नात म्हणाली, "आजी, तुझ्यावर राज्य नाही हं. तू नुसतीच खेळ."

"काऊन? मी काय पावणी आहो का?" मी काठी भिंतीला लावली आणि राज्य मागूनच घेतलं.

पायरीवरून हात टेकत नात खाली उतरली आणि नेमकी माझ्यासमोर आली. तिचा अंगठा तोंडाकडे निघाला.

"थांब! त्या पायरीवर सकाळी मी मिरच्या वाळू घातल्या होत्या."

अंगठा हवेतच राहिला. मी हळूच तिच्या खांद्याला हात लावला.

"आउट."

मिरच्या कसल्या? पापड होते.