चार तास करडी

साखऱ्यात आमच्या शेजारी कौशल्याबाई राहतात. दोन शेळ्या, थोडं कोरडवाहू रान आणि नवरा मसाजी, एवढा त्यांचा पसारा. दर नवरात्रात त्यांच्या देवघरात नऊ दिवस अखंड दिवा असतो. सासूनं लावून दिलेला नेम.

दोन वर्षांमागं तेलाचा पुडा फारच महागला. कौशल्याबाईंनी स्वयंपाकाचं तेल राखलं आणि दिव्यासाठी दुकानातलं स्वस्त तेल आणलं. त्याची काजळी धरायची. सातव्या माळेला पहाटे उठल्या, तर दिवा शांत झालेला. त्यांनी पुन्हा लावला, पण नेम मोडला होता.

दसरा झाल्यावर ज्वारीची पेरणी निघाली. त्या म्हणाल्या, "कडेनं चार तास करडी टाकू. आधी टाकत होतो तशी."

"काट्याची करडी? कापाया कोण येणार? बाया पैसे दिले तरी हात लावत न्हाईत," मसाजी म्हणाले.

"मी हाये की."

"मग काटे काढाया मला बसवू नको."

चार तास, म्हणजे चार ओळी टाकल्या. करडीच्या काट्यांमुळं गावाची गुरं ज्वारीत शिरली नाहीत. पण करडी वाळली तेव्हा खरंच कुणी मजूर आलं नाही. करडी दवात कापावी लागते, ऊन चढलं की काटे कडक होतात. कौशल्याबाई हाताला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून पहाटेच निघायच्या. तिसऱ्या दिवशी बघतात तर मसाजी पुढच्या ओळीत वाकलेले, हातात पायमोजे घातलेले.

"पायातले हातात काहून घातले?"

"तू काप गुमान."

घाण्यावरून तेल आलं. त्यातली एक बरणी भरून त्यांनी नवरात्रातल्या दिव्यासाठी देवघरात ठेवली. बाकीचं जपून वापरलं, तरी पावसाळ्यात संपलं.

भादव्यात लेक मोहिनी लेकरांना घेऊन आली. दुकानात तेल अजून चढलेलं. लेकरं धपाट्यांसाठी हटून बसली. कौशल्याबाई देवासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या आणि बरणी चुलीपाशी घेऊन गेल्या. लेकरं चार दिवस पोटभर जेवून गेली. बरणी निम्मी झाली.

मसाजींनी बरणी पाहिली. संध्याकाळी ताटावर बसता बसता म्हणाले, "आजपासून माझ्या कोरड्यासाला फोडणी नको. डाक्टर म्हणतो, तेल कमी खा."

"कवा गेलता डाक्टरकडं?"

"गेलो न्हाई. गेलो असतो तर म्हणलाच असता."

तेव्हापासून घरात उकडलेलं, भाजलेलं, कोरडी चटणी आणि भाकर. उरलेलं तेल जागचं हललं नाही.

घट बसले. कौशल्याबाईंनी वात बारीक केली आणि तेल पळीनं मोजून घालू लागल्या. आठव्या माळेला बरणीच्या तळाशी बोटभर उरलं. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी बरणी दिव्यावर पालथी धरून ठेवली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. घट उठले तेव्हा दिवा तेवत होता. मी दर्शनाला गेले होते. ज्योत अगदी लहान होती, पण होती.

मसाजी ओसरीवर पेरणीची पाभर पुसून ठेवत होते.

"औंदा सहा तास टाकू," ते म्हणाले. "लेकरं पुन्हा येतील."