छतावरच्या तंबूची राखण

फौजेतून परतलेल्या माणसाला आमच्याकडे सरसकट मेजर म्हणतात. मी हवालदार म्हणून सुटलो, सगळी नोकरी ट्रक चालवण्यात गेली, तरी कवठे महांकाळच्या स्टँडवर चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांचा मी मेजर. त्या सगळ्या वर्षांत बायको गावाकडे राहिली. शेत, दोन पोरी, माझी आई आणि आईची आजारपणं, सगळं तिनं एकटीनं ओढलं. दर रजा संपताना मी तिला एकच शब्द देऊन निघायचो, सुटल्यावर जोडीनं फिरू. तिला काश्मीर-बिश्मीर नको होतं. कोयनेचं पाणी टेकडीवरून बघायचं, सांगलीत कृष्णेच्या घाटावर बसायचं, असलंच जवळपासचं. फक्त शेजारी मी असायला हवा, एवढंच तिचं मागणं होतं.

सुटल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे जुनी पिकअप घेतली. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून, छतावर उलगडणाऱ्या तंबूसकट. शिडी लावायची, वर चढायचं, आत दोघांपुरती गादी. बायको पहिल्यांदा वर जाऊन बसली आणि खाली जमलेल्या शेजाऱ्यांकडे बघून हसत सुटली. "आवं, ह्यो तर शेतातला राखणीचा माळाच झाला की," म्हणाली. मग मी नादाला लागलो. मागे डिझेलचा आणि पाण्याचा कॅन, पुढे रुतलेली गाडी ओढून काढायची विंच, चिखलात चाकाखाली घालायच्या दोन जाड फळ्या, उंच जॅक, खोरं, शेगडी, उन्हासाठी बाजूला ओढायचं छप्पर. सगळं गाडीला बाहेरून टांगलेलं. बाहेर टांगलेलं म्हणजे दिसणारं आणि दिसणारं म्हणजे जाणारं, हे कळायला फार दिवस लागले नाहीत.

पहिली फेरी सांगलीची. हळदीच्या बाजाराजवळ गाडी लावली आणि दोघं चालत घाटावर गेलो. अर्धा तास पायरीवर बसलो असू. तिनं शेंगा घेतल्या होत्या, सोलून निम्म्या माझ्या हातावर ठेवत होती. काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक काहीच नाही. परत आलो तर पाण्याचा कॅन आणि खोरं गायब. कुणी काही पाहिलं नव्हतं. समोरचा हमाल म्हणाला, "मेजर, टांगून ठिवल्यावर न्हेत्यात की. आमी हळदीच्या पोत्यालाबी टाका घालतो." त्याचं बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. खोरं काय, दुसरं मिळतं. पण ज्यानं जन्मभर सरकारी सामान राखलं, त्याच्याच गाडीवरून खोरं जावं, हे मला फार लागलं.

बैल गेला आणि झोपा केला, तसं मी त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे गाडी घातली. मिस्त्री सांगलीचा, मुसलमान, बाप-आज्यापासून वेल्डिंग-लोहारकाम करणारा. हाताला कसब आणि तोंड तिखट. त्यानं तंबूच्या पट्ट्यांना साध्या पान्यानं न फिरणारे बोल्ट बसवले. शिडीला कडी, कॅनला आडवी पट्टी, जॅकमधून साखळी, विंचवर लोखंडी झाकण. एकंदर नऊ कुलपं झाली. "एवढी कुलपं माझ्या दुकानाला न्हाईत, मेजर," तो म्हणाला. "आता फकस्त भाबीला कुलूप घालायचं ऱ्हायलंय." बायको पदर तोंडाला लावून हसली. मला काही हसू आलं नाही. जादाच्या किल्ल्यांसाठी मी एक लोहचुंबकाची डबी घेतली आणि मागच्या मडगार्डच्या आत चिकटवून टाकली.

कुलपं आली की भीती जाईल, अशी माझी समजूत होती. झालं उलटंच. कोयनानगरला गेलो, टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली आणि माझा पाय काही गाडीपासून हलेना. "तू जाऊन ये, मी बसतो गाडीपाशी," म्हणालो. ती म्हणाली, "नऊ कुलपं हाईत की. अजून काय राखायचं? चला." मी साखळी ओढून बघत होतो. मग ती गेली. तासाभरानं घामाघूम होऊन आली आणि उभ्या उभ्याच सांगत सुटली, पाणी पार कुठवर दिसतं, डोंगर कसे पाण्यात पाय सोडून बसल्यासारखे दिसतात, वर एक म्हातारी ताक विकते आणि तिच्या ताकाला कसा वास येतो. मी मान हलवत एक नट आवळत होतो.

पुढे तेच ठरून गेलं. औंधचा डोंगर ती चढली, मी पायथ्याशी. कासची फुलं तिनं बघितली, मी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून. वाईला ती घाटावर आणि मी पावती फाडणाऱ्याशी हुज्जत घालत. तंबू दोनदाच काय तो उलगडला, तोही कऱ्हाडला तिच्या बहिणीच्या अंगणात, फाटकाला आतून कडी घालून. एरवी रात्री गाडीतच सीटवर काढायचो. आधी ती आल्यावर पुष्कळ सांगायची. मग कमी सांगायला लागली. शेवटी शेवटी मलाच विचारावं लागायचं.

"बघितलंस का?"

"बघितलं."

"कसं हाय?"

"चांगलं हाय."

एवढ्या लांब आणायचं आणि हिनं दोन शब्दांत उरकायचं, म्हणून मी चिडायचो. चिडायचो म्हणजे तसं बोलूनही दाखवायचो. आज लिहिताना लाज वाटते.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. फौजेत किटची तपासणी असते. कांबळ अंथरायचं, आपलं सगळं सामान ठरलेल्या क्रमानं त्यावर मांडायचं, साहेब येऊन बघून जातो. ती सवय माझ्या हाडात मुरलेली. प्रत्येक मुक्कामी सकाळी चहा झाला की मी ताडपत्री अंथरायचो, नऊही कुलपं उघडायचो, एकेक वस्तू उतरवून ओळीनं मांडायचो, नटबोल्टसुद्धा, लहानापासून मोठ्यापर्यंत. पुसायचं, मोजायचं, परत चढवायचं. दीड तास सहज जायचा. तेवढ्यात माणसं गोळा व्हायची. आमच्या मुलखात घरटी एकजण फौजेत, त्यामुळे असल्या गोष्टीत सगळ्यांनाच रस. "मेजर, ह्ये कसं सुटतं वो?" "ह्येची किल्ली येगळी व्हय?" विचारलं की मी सांगायचो. झाकणाखालचा बोल्ट दाखवायचो. मडगार्डमधली डबी काढून, कशी पटकन सापडत नाही, हेही हौसेनं दाखवायचो. लोक म्हणायचे, लय भारी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण मला तेव्हा ते कुठलं सुचायला.

बायको एकदा म्हणाली, "साऱ्या जगाला कशापायी दावताय?"

"तपासणी उघड्यावरच असती," मी म्हणालो.

ती कप विसळायला उठून गेली.

मग तिच्या बहिणीच्या लेकीचं लग्न निघालं, कऱ्हाडच्या एका कार्यालयात. तिथूनच पुढे फिरायला जायचं म्हणून गाडी सगळ्या सामानासकट नेली होती. ती कार्यालयाच्या मागे लावली आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचा माझा बेत होता. पण नवरीच्या मावशीचा मालक मी, मला कोण सोडतंय! साडूंनी दंडाला धरून आत नेलं. अक्षता झाल्या, फेटा झाला, मग पंगत, मग पंगतीत आग्रह. जिलेबी खाताना मी दोनदा अर्धवट उठलो आणि दोन्ही वेळा लोकांनी खाली बसवलं. दोन अडीच तासांनी, भर दुपारी, बाहेर आलो तर गाडी बोडकी.

तंबू नाही, शिडी नाही, विंच नाही, कॅन, जॅक, फळ्या काही नाही. एकही कुलूप तोडलेलं नव्हतं. नऊच्या नऊ कुलपं उघडून, त्यांना किल्ल्या लावून, बॉनेटवर ओळीनं मांडून ठेवली होती. पलीकडे नटबोल्ट, लहानापासून मोठ्यापर्यंत. अगदी मी मांडतो तसे.

पोलीस आला, त्यानं वहीत लिहून घेतलं. "किल्ल्याची डबी कुटं असती, ह्ये कुनाकुनाला म्हाईत व्हतं?"

मी आठवून बघितलं. कोयनानगर, औंध, कास, वाई. "सगळ्यास्नीच," म्हणालो.

त्यानं लिहिणं थांबवलं आणि माझ्या फेट्याकडे बघितलं. मग वही मिटली.

मला रागाचा झटका यायला हवा होता. आला नाही. मी गाडीच्या पायरीवर बसलो. किती वर्षं मी जागा आहे, असं वाटलं. बायको आली. तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली, कुलपांच्या ओळीकडे बघितलं, पण मी तुम्हाला सांगितलं होतं, असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. "चला, पोरीची पाठवणी हाय," एवढंच म्हणाली.

सामान काही सापडलं नाही. मीही पाठपुरावा केला नाही, चौकीच्या पायऱ्या चढायचं त्राणच उरलं नव्हतं. दोन महिन्यांनी मीच विषय काढला, कोयनेला जाऊ म्हणून. ती बरं म्हणाली. टेकडीच्या पायथ्याशी गाडी लावली. काचा वर केल्या, दार बंद केलं, संपलं. किती सोपं होतं! मी तिच्याआधी उतरून बुटाच्या नाड्याही बांधल्या.

"चल. आज मीबी येतो."

ती पिशवीत पाण्याची बाटली ठेवत होती. तिनं वर बघितलं. रागानं नाही, नुसतीच जरा गोंधळून. "तुमी? बसा की गाडीपाशी. मी येते जाऊन."

"गाडीवर काय ऱ्हायलंय आता राखायला?"

"तसं न्हवं," ती म्हणाली. "मला एकटीनंच चढायची सवय लागलीया. तुमी संगं असला की तुमच्याकडं बघत चालावं लागंल." मग माझं तोंड उतरलेलं तिला दिसलं असावं. "या की, या. मागनं सावकाश या."

पिशवी खांद्याला अडकवून ती पायवाटेला लागली. मी मागोमाग निघालो. पहिल्या चढालाच मला धाप लागली, तोवर ती वरच्या वळणावर पोहोचली होती. हाक मारावी असं वाटलं, पण काय म्हणून मारणार? तिची चाल इतकी भरभर आहे, हे मला आजवर ठाऊकच नव्हतं.