फायरप्लेसवरचा टीव्ही

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण हॉलमधल्या टीव्हीचं कौतुक करतो. पासष्ट इंची, फायरप्लेसच्या बरोबर वर, केसभरही तिरका नाही. कोणाकडून बसवून घेतलात, असं विचारतात. मीच बसवला, असं मी म्हणते आणि चहा टाकायला आत जाते. चहा हवाय का तेही विचारत नाही. आत का पळते, हे आजवर कोणालाही सांगितलेलं नाही — प्रसादलाही नाही. प्रसाद माझा नवरा. गोष्ट त्याच्याच वडिलांची आहे, म्हणून त्याला तर नाहीच.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते — म्हणजे मुद्द्याला येणं जरा लांबणीवर टाकते, हे तुमच्या लक्षात येईलच. मी जर्मनीत, बॉबलिंगेनला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम, आणि घरच्यांना विचाराल तर स्वभावही. इथे कारागीर बोलावला की तो दीड-दोन महिन्यांनी उगवतो, म्हणून मी ड्रिल चालवायला शिकले. पडदे, कपाटं, दिवे, आरसे — आमच्या घरात जे जे टांगलेलं आहे ते मी टांगलंय. मग टीव्ही टांगण्यात असं काय अवघड होतं? टांगण्यात काहीच नव्हतं.

माझे सासरे, अण्णा, सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात अडतीस वर्षं बॉयलरवर होते. आमच्याकडे ते एकदाच आले, ऑक्टोबर ते जानेवारी, तीन महिन्यांच्या व्हिसावर. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. पहिले दोन आठवडे अण्णा सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसून असायचे. बाहेर थंडी, भाषा येत नाही, प्रसाद सोमवार ते गुरुवार नेकारसुल्मला प्रोजेक्टवर. आयुष्यभर उभं राहून काम केलेल्या माणसाला नुसतं बसवून ठेवलं की तो कसा दिसतो, ते मी रोज पाहत होते. मला वाईटही वाटत होतं. तेव्हा वाटत होतं, एवढं नोंदवून ठेवते.

मग त्यांना कामीन दिसली. इथे फायरप्लेसला कामीन म्हणतात. घराबरोबर आलेली, आम्ही कधीही न पेटवलेली. मी तिच्यात मेणबत्त्या मांडल्या होत्या. "मीनल, अगं हे असं गार ठेवायचं नसतं," अण्णा म्हणाले. इथे विचारल्याशिवाय काही पेटवता येत नाही, म्हणून शॉर्नश्टाइनफेगरला बोलावलं — धुराडी तपासणारा सरकारमान्य माणूस, काळ्या कपड्यातला. तो छतावर चढला, खाली आला, कामीनीत डोकं घालून बघत बसला. आणि अण्णा सबंध वेळ त्याच्या मागे बॅटरी धरून. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता आणि दोघांचं उत्तम चाललं होतं. त्याने सगळं ठीक असल्याचा कागद दिला. तो गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "हा इथला बॉयलर इन्स्पेक्टर. याच्या शब्दावर शब्द नाही."

हे त्यांनी मला सांगायला नको होतं.

कारखान्यात हंगामाआधी बॉयलर पेटवतात तेव्हा पूजा होते, अग्निप्रदीपन म्हणतात त्याला. अण्णांनी ते आमच्या हॉलमध्ये केलं. कुंकू, सुपरमार्केटमधला गुलाब, नारळ. पेढे नव्हते म्हणून साखर वाटली. नारळ मागच्या पायरीवर फोडला तेव्हा शेजारच्या आजी कुंपणावरून पाहत होत्या, त्यांनाही खोबरं दिलं. आणि मग रोज संध्याकाळी आमच्याकडे आग पेटायला लागली. अण्णा लाकडं निवडायचे, रचायचे, हवा कमी-जास्त करायचे. पाठ सरळ झाली त्यांची. आवाजही वाढला.

आता तुम्ही म्हणाल, यात तुझ्या पोटात दुखण्यासारखं काय होतं? मी सांगायची कारणं अशी: राख. फिकट गालिच्यावर काळे ठिपके. ऑफिसच्या स्वेटरला धुराचा वास. ही खरी होती. पण खरं कारण निराळं होतं. आमची इरा तेव्हा नऊ वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. मी नऊ वर्षं तिच्यापुढे डोकं फोडलं होतं — गाणी, गोष्टी, शनिवारची मराठी शाळा. आणि अण्णांशेजारी फतकल मारून ती पंधरा दिवसांत म्हणायला लागली, "आजोबा, हे ओलं आहे. हे नको." मी स्वयंपाकघरात कांदा चिरत हे ऐकत होते. आनंद व्हायला हवा होता ना? झालाही असेल थोडा. त्याहून जास्त असं वाटलं, की घर माझं, भिंती मी सजवलेल्या, आणि सगळे बसतात मात्र यांच्याभोवती. ओळखीचे मराठी लोक आले तरी "चला, अण्णांच्या शेकोटीला" म्हणत यायचे. माझ्या घराला कोणी माझं म्हणेना.

नोव्हेंबरच्या शेवटी टीव्ही आला. ऑर्डर मीच केली होती, जागाही ठरवली होती. एका बाजूला खिडक्या, दुसरीकडे जिना, तेव्हा कामीनीच्या वरची भिंत तेवढी मोकळी. पण खाली आग पेटलेली असताना मी तिथे थर्मामीटर चिकटवून पाहिला — सवय — आणि ते तापमान टीव्हीला सोसणारं नव्हतं. आग किंवा टीव्ही, एकाच वेळी दोन्ही नाही. प्रसाद म्हणाला, "अण्णा जानेवारीत जातायत, मग लाव की." सात आठवडे राहिले होते. खोकं जिन्याखाली उभं राहिलं असतं, त्याला काय पाणी लागत होतं?

मला सात आठवडे दम निघाला नाही.

मंगळवारी प्रसाद नेकारसुल्मला असताना, अण्णा संध्याकाळची लाकडं रचत असताना, मी म्हणाले, "अहो अण्णा, त्या इन्स्पेक्टरचं पत्र आलंय. धुराड्याला आतून तडा गेलाय. आग बंद ठेवायला सांगितलीय."

खोटं बोलायचं तर माणसाने निदान साधं बोलावं. टीव्हीसाठी जागा हवी आहे, एवढं म्हटलं असतं तर अण्णांनी त्याच क्षणी लाकडं उचलून बाहेर नेली असती, मला ठाऊक आहे. पण मग मी वाईट ठरले असते. मला टीव्हीही हवा होता आणि चांगली सूनही राहायचं होतं.

अण्णांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. म्हणाले, "मी आल्यावर तर त्याने बघितलं होतं. तेव्हा नव्हता." मग, "म्हणजे माझ्यानं गेला का गं? आच जास्त झाली?"

हा प्रश्न येईल असं मला सुचलंच नव्हतं. चुका शोधणारी बाई मी, आणि हे मला सुचलं नाही! नाही, तुमच्यामुळे नाही, जुनं घर आहे, असं म्हणायला काय लागत होतं? तेही खोटंच झालं असतं, पण त्यांना वाचवणारं खोटं. मी म्हणाले, "असेल."

एकच शब्द. मी आजवर बोललेल्या सगळ्या शब्दांत तोच मला परत घ्यावासा वाटतो.

अण्णांनी बॅटरी आणि माझा छोटा आरसा घेतला आणि कामीनीत मान घालून कितीतरी वेळ वर पाहिलं. बाहेर आले तेव्हा कपाळाला काजळी होती. "मला तर काय दिसत नाही," ते म्हणाले. "पण इन्स्पेक्टरला दिसतं ते आपल्याला दिसत नाही." मग त्यांनी पत्र मागितलं. पत्र कुठलं असायला? मी फाईलमधून तोच आधीचा कागद काढून दिला — सगळं ठीक असल्याचा, शिक्क्याचा. त्यांना जर्मन येत नव्हतं. इराला येत होतं, हे माझ्या ध्यानात यायच्या आत त्यांनी तो तिच्यापुढे धरला. "वाच गं बाळ, काय लिहिलंय?"

इराने वाचला. माझ्याकडे बघून जर्मनमध्ये म्हणाली, पण आई, इथे तर सगळं ठीक आहे असं लिहिलंय. मी तिला जर्मनमध्येच म्हणाले, आत्ता गप्प बस. हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, अण्णांना कळू नये म्हणून.

"काय म्हणते पोर?"

"जड भाषा आहे म्हणते. तिला नाही कळत."

तिने आजोबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागद टेबलावर ठेवला आणि वर निघून गेली. तिला मी कधी विचारलं नाही. तिनेही विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून ती अण्णांशी पुन्हा जर्मनमध्ये बोलायला लागली. म्हणजे बोलणंच संपलं.

टीव्ही आम्ही शनिवारी बसवला. आम्ही म्हणजे मी आणि अण्णा. प्रसाद इराला पोहायला घेऊन गेला होता. त्यालाही मी तड्याचंच सांगितलं होतं आणि त्याने "जाऊ द्या हो अण्णा, होतं असं" म्हणून त्यांची समजूत काढली होती. मी नको म्हणत असताना अण्णांनी भिंत मोजली. लेव्हल धरून बुडबुडा मधोमध येईपर्यंत मला खुणा पुसायला लावल्या. आणि मी ड्रिल उचललं तेव्हा त्यांनी ते माझ्याकडून मागून घेतलं, त्याच्या बिटावर टोकापासून बोटाच्या पेराइतक्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली. "याच्या आत नको जाऊ. बाहेरच्या विटेतच थांब. आधीच तडकलंय, आणखी इजा नको." मी पट्टीपर्यंतच भोकं पाडली. धूळ उडू नये म्हणून ते खाली वाटी धरून उभे होते. टीव्ही लागला, तेव्हा दोन पावलं मागे जाऊन त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "सरळ आहे."

त्या क्षणी तरी बोलायचं होतं, नाही का? मला रडू येत होतं, आणि मी व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला.

उरलेले दिवस ते पुन्हा सोफ्याच्या कडेला बसले. त्या इन्स्पेक्टरला एकदा भेटून माफी मागायची, असं त्यांनी दोनदा सुचवलं. तो आता पुढच्या वर्षीच येतो, असं मी सांगितलं. फ्रँकफर्टला विमानतळावर मी वाकले तेव्हा डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या घराचं नुकसान करून चाललो. मनात ठेवू नका." प्रसाद हसला. मीही हसले.

पुढच्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, मला ऑफिसात अण्णांचा फोन आला. प्रसादला नाही, मला. कारखान्याने ठरवलं होतं की यंदा बॉयलरचं अग्निप्रदीपन संचालकांच्या नाही, एका निवृत्त कामगाराच्या हस्ते करायचं, आणि अण्णांना बोलावणं आलं होतं. आनंदाची बातमी द्यायला केलाय, असं मला वाटलं. मी अभिनंदन म्हणाले. ते म्हणाले, "तसं नव्हे. तुला विचारायला केला. इथं कुणाला ठाऊक नाही, पण तू तर बघितलंयस. तुमच्याकडं तसं झाल्यावर मी बॉयलरला हात लावणं बरोबर हाय का? हातचा अंदाज गेलेला माणूस मी. तू सांगशील तसं करतो."

मी कॉन्फरन्स रूमच्या दाराशी उभी होते. आत लोक माझी वाट पाहत होते. अडतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस माझ्याकडे स्वतःचा निकाल मागत होता, आणि तो बदलायला मला एक वाक्य पुरलं असतं. सगळं घर हादरलं असतं, प्रसादने मला काय म्हटलं असतं, अण्णांनी काय म्हटलं असतं — हे सगळं मी त्या चार सेकंदांत मोजलं. माझंच मोजलं.

"तुमच्या मनाला वाटेल तसं करा अण्णा," मी म्हणाले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नको मग."

तब्येत बरी नाही असं कारखान्याला कळवून त्यांनी तो मान दुसऱ्याला जाऊ दिला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. प्रसाद अजूनही म्हणतो, त्यांनी तेव्हा बॉयलर पेटवायला जायला हवं होतं, का गेले नाहीत कळत नाही.

धुराड्याला तडा गेलेला नव्हता. अण्णांचा अंदाज शेवटपर्यंत बरोबर होता. हे मला माहीत होतं, आणि मी त्यांना सांगितलं नाही.