तिसऱ्या मजल्यावरची धूळ

संघप्रिया कुठल्याही खोलीत शिरली की आधी खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवायची आणि ते बोट उजेडात धरून बघायची. गडमुडशिंगीत स्वतःच्या घरीही तेच. नवरा प्रसेनजीत म्हणायचा, "अगं, निदान पावण्यांच्या घरी तरी नको की!" हॉस्पिटलात पाठीमागं तिला 'धूळवाल्या बाई' म्हणत. तेही तिच्या कानावर होतं.

कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ती आधी बरीच वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होती. करोनाच्या साथीत कुणाची लागण कुणाला होतेय याचा माग काढायचं काम तिच्या गळ्यात पडलं, आणि साथ ओसरली तरी ते गळ्यातच राहिलं. इथं बरं व्हायला आलेला माणूस इथलंच नवं दुखणं घेऊन जाऊ नये, हे बघायचं. काम नीट झालं तर काहीच घडत नाही. आणि काहीच घडलं नाही, की लोक विचारतात, ह्या बाई दिवसभर करतात तरी काय?

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तिसऱ्या मजल्याचा निम्मा भाग फोडायला काढला. जुन्या खोल्या पाडून तिथं नवं ऑपरेशन थिएटर व्हायचं होतं. उरलेल्या निम्म्यात रक्ताच्या कर्करोगाचा वॉर्ड होता. तो हलवायला दुसरी जागाच नव्हती.

हे कळलं तेव्हापासून संघप्रियाच्या जिवाला थारा नव्हता. जुन्या गिलाव्यात, छताच्या पोकळीत साचलेल्या धुळीत बुरशीचे कण असतात. धडधाकट माणसाला एक शिंक येते आणि विषय संपतो. पण केमोनं ज्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात, त्याच्या फुप्फुसात तीच बुरशी मूळ धरते. असं एक मरण तिनं अतिदक्षता विभागात जवळून पाहिलं होतं. ते ती कुणाला सांगत नसे.

तिनं मधल्या बोळात छतापासून फरशीपर्यंत जाड प्लॅस्टिकचा पडदा लावून घेतला. कडा चिकटपट्टीनं बंद केल्या. कामाच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवला. राडारोडा ओला करून, झाकून, मागच्या जिन्यानंच खाली न्यायचा असं ठरवून दिलं. फोडकामावरचा इलाही मिस्त्री आवाजाला दणदणीत माणूस. पडदा बघून म्हणाला, "बाई, लगीन हाय का काय? एवढा मांडव घातलासा!" पण सांगितलेलं त्यानं सगळं केलं. त्याची माणसंही शहाण्यासारखी मागच्या जिन्यानं ये-जा करायला लागली.

वॉर्डात दाराजवळच्या पलंगावर यल्लव्वा होती. गडहिंग्लजच्याही पलीकडचं, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं गाव. केमोनं केस गेलेले, तोंड आलेलं, पण बोलणं थांबलेलं नव्हतं. संघप्रिया तिच्याहून कितीतरी लहान, तरी यल्लव्वा तिला 'अक्का'च म्हणायची. "अक्का, बोटाला काय घावलं आज?" तिचा नवरा धोंडीराम गुडघ्यांनी अधू होता. दिवसभर तो बायकोच्या उशाशी स्टूल टाकून बसलेला असे.

एका सकाळी संघप्रिया पडद्याजवळ आली आणि जागीच थांबली. पडद्याच्या अलीकडं, वॉर्डाच्या बाजूला, फरशीवर पांढरट पाऊलखुणा उमटल्या होत्या. ती खाली बसली. कोपऱ्यात प्लॅस्टिक उभं कापलेलं होतं. वाकून माणूस पलीकडं जाईल एवढी चीर होती ती.

तेवढ्यात वॉर्डातून नर्सची हाक आली. यल्लव्वाला ताप भरला होता.

संघप्रियानं कर्करोगाच्या डॉक्टर मॅडमना तिथूनच फोन लावला. "मॅडम, पडदा फाटलाय. कधीपासून ते माहीत नाही. दाराजवळच्या पेशंटला ताप आहे." मॅडम म्हणाल्या, "छातीचं स्कॅन करू. आणि बुरशीचं औषध लगेच सुरू करते, रिपोर्टची वाट बघत नाही."

काम बंद झालं. हॉस्पिटलचा कारभार बघणारे विजयसिंह साहेब वर आले, चीर बघून त्यांचा पारा चढला. त्यांनी कंत्राटदाराला फोनवरच फैलावर घेतलं आणि कंत्राटदारानं तिकडूनच निकाल लावला, मिस्त्री उद्यापासून नको.

इलाही मिस्त्री हातात हातोडा घेऊन उभा होता. "साहेब, माझ्या माणसांनी कापलं न्हाय. आमाला हिकडं यायचं कामच काय? आमचा जिना मागं हाय."

"मग काय भुतानं कापलं?" विजयसिंह साहेब म्हणाले आणि निघून गेले.

मिस्त्री संघप्रियाकडं वळला. "बाई, तुमी तरी बोला की."

तिच्या मनात ताप, स्कॅन आणि त्या पाऊलखुणा यांचंच चक्र चाललं होतं. चीर बुजवायला ती पुन्हा खाली बसली आणि मग तिचं लक्ष गेलं. चिरेच्या दोन्ही कडांना पांढऱ्या पट्टीचे तुकडे लोंबत होते. सलाईनची सुई हातावर बसवायला वापरतात ती पट्टी. कुणीतरी चीर वरचेवर उघडून पुन्हा काळजीनं चिकटवत होतं. आणि ती पट्टी मिळते वॉर्डात.

ती वॉर्डात गेली. यल्लव्वाला स्कॅनसाठी नेलं होतं. धोंडीराम रिकाम्या पलंगाशी बसला होता, पायाशी थर्मास. त्याच्या चपलांच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या.

"मामा, पडदा तुम्ही कापलासा?"

"व्हय," तो सरळ म्हणाला. "गरम पान्याची मशीन पल्याड ऱ्हायली न्हवं? गार पानी द्यायचं न्हाय म्हनून तुमीच सांगितलासा. खाली जाऊन, रांगंत थांबून, जिना चढून येस्तवर ही हितं एकटी. वांती आली की धरायचं कुनी? म्हनून कात्री मागून घेतली. मानसं जेवाय गेली की जायाचं, पानी भरून यायाचं. पर दर टायमाला चिकटवलं की नीट!"

खरंच की. पडदा लावताना संघप्रियानं हवेचा विचार केला, धुळीचा केला, राडारोड्याचा केला. या माणसांनी गरम पाणी आणायचं कुठून, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मामा," ती हळू म्हणाली, "पलीकडची धूळ यल्लव्वाअक्कांना चालत नाही. त्यात बुरशी असती. आपल्याला काय होत नाही, पण त्यांच्या छातीत बसती. म्हणून पडदा."

धोंडीरामनं एकदा थर्मासकडं बघितलं, एकदा चपलांकडं. मग तो उठला, लंगडत बाहेर गेला आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला.

संघप्रिया खाली विजयसिंह साहेबांकडं गेली. "साहेब, पडदा मिस्त्रींच्या माणसांनी कापलेला नाही. पेशंटच्या नातेवाइकानं कापलाय, गरम पाण्यासाठी. मशीन पलीकडं ठेवून पडदा लावला मी. चूक माझी आहे. मिस्त्रींना काढू नका."

"कुठला नातेवाईक?"

"ते मी सांगणार नाही. त्यांना मी समजावलंय."

साहेब बराच वेळ टेबलावर पेन आपटत बसले. कंत्राटदाराला पुन्हा फोन लावायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी लावला. दुपारी इलाही मिस्त्रीनंच पाण्याची मशीन उचलून वॉर्डाच्या बाजूला आणून बसवली. नवा पडदाही त्यानंच ताणून दिला. कुणी कापलं, हे त्यानं विचारलं नाही.

स्कॅनमध्ये यल्लव्वाच्या उजव्या फुप्फुसात डाग दिसला. बुरशीच असावी, असं मॅडमनी सांगितलं.

पुढचे दिवस संघप्रियानं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. गाडीवर घरी जाताना शिरोली नाक्याचा सिग्नल कधी सुटला कळायचं नाही, मागचे हॉर्न वाजवायचे. जेवताना घास हातातच राहायचा. सकाळी आल्या आल्या ती आधी तापाचा तक्ता बघायची, मग सगळ्या वॉर्डाचा. आणखी कुणी तापलंय का? कुणी खोकतंय का? दुसऱ्या कुणाला काही झालं नव्हतं. पण पुढच्या सकाळी तिचा जीव पुन्हा तसाच टांगणीला लागायचा.

धोंडीराम वॉर्डाच्या दारात उभा राही. आत पाऊल टाकत नसे. यल्लव्वा पलंगावरून क्षीण आवाजात हाका मारायची, "या की आत!" तो मान हलवायचा.

"मामा, जवळ बसा जावा," संघप्रियानं सांगितलं.

"नगं शिस्टर. माझ्या अंगाला असंल अजून."

तिनं त्याला न्हाणीघरात पाठवलं, अंगावर चढवायला धुतलेले कपडे दिले, चपला बाहेर ठेवायला लावल्या. पडद्यापासून लांबच्या पलंगावर आता यल्लव्वाला हलवलं होतं. संघप्रियानं म्हाताऱ्याच्या दंडाला धरलं आणि तिथवर नेलं. यल्लव्वानं त्याचा हात घेतला आणि म्हणाली, "एवढं दिस कुठं मेला हुतासा?" त्याला रडूच कोसळलं.

ताप लगेच उतरला नाही. एकदा तर अतिदक्षता विभागात न्यायची वेळ आली होती. पण हळूहळू पांढऱ्या पेशी वर यायला लागल्या आणि ताप हटला. पुढच्या स्कॅनमध्ये डाग आकसलेला दिसला. औषध पहिल्याच दिवशी सुरू झालं म्हणून हे झालं, असं मॅडम म्हणाल्या. थंडी सरत आली तेव्हा यल्लव्वा घरी निघाली. काडीसारखी झाली होती. गोळ्या चालूच राहणार होत्या, आणि केमोसाठी पुन्हा यायचंच होतं.

गेटाशी गाडी लागली. यल्लव्वाला आत बसवून धोंडीराम माघारी आला.

"शिस्टर, एक खरं सांगा. माझ्यामुळंच झालं न्हवं?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्याचा चेहरा बघून तिच्या तोंडात तेच आलंही होतं.

"मला खरंच माहीत न्हाय, मामा," ती म्हणाली. "असले कण बाहेरच्या हवेतबी असत्यात. तिकडनं आलं का दुसरीकडनं, हे कुणालाच सांगता यायचं न्हाय."

"बरं," तो म्हणाला. मग गाडीच्या दाराला धरून, एकेक गुडघा उचलत आत चढला आणि बायकोच्या अंगावरची शाल नीट करायला लागला.