खड्डा कच्चा होता

तेवीस सप्टेंबर, मंगळवार, सकाळचे साडेआठ. खताच्या खड्ड्यावर हजर: लंकाबाई, विमल, सुनीता आणि मी. गैरहजर: गयाबाई. आमच्या बचत गटाच्या वहीत गयाबाईंच्या नावापुढे हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला, आणि लिहून होतो न होतो तोच फोन वाजला. त्यांची सून जयश्री होती. “ताई, आई उठल्याच न्हाईत...” एवढंच बोलली आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी बायकांना सांगितलं. विमलनं हातातलं फावडं हळूच खाली ठेवलं. लंकाबाई म्हणाली, “अगं, काल सांजच्याला तं माझ्याशी भांडून गेली! पाला वला आणला म्हनून.” आणि तिथेच मातीवर बसली.

हसनाबादच्या अलीकडे आमचं गाव. मी गावातल्या शाळेत लिपिक आहे आणि गटाची सचिव. गयाबाईंना सगळं गाव मावशी म्हणायचं, मीही. मावशींना स्वतःची जमीन नव्हती. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या रानात मिरची तोडली, निंदलं, खुरपलं. ते करता करताच त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बांधाला जिथे मिरचीची डेखं म्हणजे देठं, लसणाच्या साली आणि निंबाचा पाला एकत्र कुजत पडलेला असायचा, तिथल्या झाडांवर कोकडा कमी यायचा. कोकडा म्हणजे फुलकिड्यांनी रस शोषून पानं आवळून जाणं. आमच्याकडे मिरची लावणारा माणूस या एका शब्दाला जेवढा घाबरतो तेवढा कशालाच नाही. मावशींनी ही गोष्ट गटात सांगितली तेव्हा दोघी-तिघी हसल्या होत्या. मी मात्र वही काढली. खड्ड्यात शेणाचा थर, डेखांचा थर, सोयाबीन मळून उरलेलं कुटार, लसणाच्या साली, सीताफळाचा पाला, किती दिवसांनी खाली-वर करायचं, सगळं लिहून घेतलं. कुजलेला माल पोत्यात बांधून पिंपात भिजवायचा, गाळायचा, पाणी घालून पातळ करायचा आणि उन्हं उतरल्यावर फवारायचा. “कीड मरत न्हाई बरं का ह्याच्यानं,” मावशी प्रत्येक नव्या बाईला बजावायच्या. “तिला तिथं बसू वाटत न्हाई, इतकंच. मारायचं असंल तं दुकानात जा.”

माझी वही आणि मावशींचा हात, असं आमचं काम चालायचं. खड्डा तयार झाला की नाही हे वहीतल्या दिवसांवरून मी सांगायची, पण मावशी माझ्याकडे बघायच्याही नाहीत. बाही वर सारून कोपरापर्यंत हात खड्ड्यात घालायच्या आणि डोळे मिटून मनातल्या मनात बुद्धवंदनेतलं त्रिशरण म्हणायच्या. म्हणून होईपर्यंत हात आत राहिला तर माल पक्का. मधेच हात बाहेर ओढावासा वाटला तर आत अजून उष्णता आहे, माल कच्चा. मग बाहेर काढलेली मूठ माझ्या नाकापाशी धरायच्या. “लिही बाई, लिही. पन ह्यो वास कसा लिहशील?” मला राग यायचा. मी म्हणायची, “मावशी, तुम्ही गावाला गेलात तर आम्ही काय करायचं?” त्या म्हणायच्या, “थांबायचं. दुसरं काय?”

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्या खरंच गेल्या. मुलीचं बाळंतपण जालन्याला होतं. मावशी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी शोभा माझ्या दारात आली. गटात सगळ्यांत उशिरा आलेली, सगळ्यांत तिखट बोलणारी आणि सगळ्यांत जास्त राबणारी. नवऱ्याला न जुमानता तिनं त्या वर्षी सगळं रान मिरचीलाच दिलं होतं, आणि औषध फक्त गटाचंच मारीन असं घरात सांगून बसली होती. “ताई, शेंड्याची पानं वळून राह्यली. आज दे. उद्याला काय उरत न्हाई.” मी वही उघडली. वहीप्रमाणे दिवस पुरे झाले होते. पण एक गोष्ट वहीत नव्हती. मधल्या पंधरवड्यात माल कमी पडेल म्हणून त्याच खड्ड्यात वरून ताजी डेखं टाकली होती. टाकताना मी समोर होते. नोंद करायची राहून गेली होती. मी खड्ड्यावर गेले. हात घातला. मला त्रिशरण येत नाही, म्हणून दहापर्यंत मोजायचं ठरवलं. सहाला हात काढला... ऊन लागलंय वरून, असं स्वतःला सांगितलं. शोभा मागे उभी होती, तिच्या पायाची चुळबुळ मला ऐकू येत होती. मी माल काढून दिला. रात्रभर भिजव, उद्या उन्हं उतरल्यावर फवार, इतकंच सांगितलं. पाणी किती घालायचं ते सांगितलं की नाही, हे आज मला नक्की आठवत नाही. मी ते लिहिलेलं नाही.

चौथ्या दिवशी शोभाच्या मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या आणि फुलं सरीत पडली होती. मावशी त्याच दुपारी जालन्याहून उतरल्या, त्यांना कोणी काही सांगायच्या आत मीटिंग भरली. शाळेच्या व्हरांड्यात सगळ्या बायका होत्या. शोभा बसलीच नाही. “मावशे, हात घालून बघते म्हन्ती ना तू? मंग ह्या बारीला तुझा हात कुढं गेल्ता? जालन्याला?” कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. माल मी दिला हे शोभाला माहीत होतं. पण पक्का की कच्चा ते ठरवून मावशीच गावाला गेल्या असणार, असं तिनं गृहीत धरलं होतं. तिलाच कशाला, सगळ्यांनीच. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या मांडीवर होती. मी तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. मी वहीचं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं, तेच वाचत राहिले.

“हौ बाई,” मावशी म्हणाल्या, “मीच सांगून गेल्ते, काढा म्हनून. जायच्या गडबडीत नीट बघितलं न्हाई.”

शोभा तेव्हाच गटातून गेली. जाताना म्हणाली, “ह्या बाईच्या हातचं पुन्हा माझ्या रानात यायचं न्हाई.” घरी जाताना मी मावशींच्या मागे मागे चालत होते. विचारलं, “असं का बोललात?” त्या थांबल्या नाहीत. “तुझ्या वहीवर बारा जणींचा भरोसा हाय. ती खोटी निघाली तं उद्या एक बाई थांबायची न्हाई. माझं काय, बोलतील चार दिस.” मग जरा पुढे गेल्यावर म्हणाल्या, “पन शोभाला तू सांग. आज नको, आज खाऊन टाकील तुला. राग उतरू दे तिचा, मंग जा.” मी हो म्हणाले. वर्ष गेलं. मावशींनी मला पुन्हा एकदाही विचारलं नाही, आणि मला तेच सोयीचं वाटत होतं. चार दिवस म्हणाल्या होत्या त्या, पण बोलणं थांबलं नाही. शोभाच्या गल्लीतल्या बायकांनी आमचा अर्क घेणं सोडलं. मावशी त्या गल्लीतून जाताना पदर सावरून, समोर बघत जायच्या.

मावशींच्या जलदान विधीच्या दिवशी जयश्रीच्या अंगणात मी खुर्च्या, पाणी, जेवणाची पंगत, सगळं बघत होते. कामाला मी कुठेच कमी पडत नाही. शोभा आली नाही. दुपारी भांडी आवरताना जयश्रीनं मला बाजूला घेतलं. तिला आता खड्ड्याचं काम बघायचं आहे, सासूनं तिला हात घालायला शिकवलं होतं. पण तिच्या मनात एक गोष्ट अडकली होती. “ताई, खरं सांगा. आईनं तवा कच्चाच माल द्यायला सांगितला व्हता का हो? मी विचारलं तं हसायच्या नुसत्या.”

मी सांगितलं. सहाला हात काढला तेही सांगितलं. जयश्री पातेलं घासत राहिली. ते पालथं घालून म्हणाली, “मला कशाला सांगता, ताई? मला तं म्हाईतच व्हतं आई तशी न्हाई. शोभाकाकूला सांगा. रोज तिच्या दारावरून जावं लागतं आमाला.”

त्यानंतर मी दोनदा गेले. पहिल्यांदा शोभा भोकरदनला बाजाराला गेली होती. दुसऱ्यांदा रानात सापडली. तोंडाला फडकं बांधून, पाठीवर पंप घेऊन दुकानातलं औषध मारत होती. त्याच्या वासानं माझे डोळे चुरचुरले. तिनं पंप थांबवला, फडकं खाली ओढलं. तिचेही डोळे लाल होते. “काय काम काढलं, ताई?” मी तिच्या सरीच्या तोंडाशी उभी होते, चार पावलांवर. म्हटलं, “काही नाही गं. मीटिंग आहे शुक्रवारी, ते सांगायला आले.”

“मी गटात हाय कुढं आता?” शोभा म्हणाली. माझ्याकडे नीट बघितलं. “इतक्या लांब त्येच सांगायला आली?” आणि मी हो म्हणाले.

शोभाच्या घरी पेपर येत नाही. पण मी लिहिलेलं हे पेपरच्या पुरवणीत छापून आलं की दुपारपर्यंत कोणीतरी तिला वाचून दाखवेल. त्याआधी मला तिच्या रानात जाऊन हे तोंडानं सांगायचं आहे. आज रविवार संध्याकाळ. अजून गेलेले नाही.