पान लागलं

ती घटना विसरावी म्हणून मी पुष्कळ खटपट केली, पण जमलं नाही. साठच्या दशकातली गोष्ट. मी शिराळ्याच्या बाजूला फौजदार होतो. एका सकाळी ठाण्यात वर्दी आली की एका गावच्या सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाई मरून पडली आहे. अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि पंचनाम्याला निघालो.

बाई तिशीच्या आतली, बौद्ध वस्तीतली. घोट्यावर दोन टोचे, पाय सुजून काळानिळा. सर्पदंश आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. रजिस्टरात मात्र लिहिलं होतं, ‘तंबाखूचे पान खाऊन चक्कर’. विषावरची इंजेक्शनं कपाटात तशीच सीलबंद पडलेली.

डॉक्टर नुकतेच मुंबईहून आलेले, तरुण. ते म्हणाले, “कंपौंडर आत येऊन म्हणाला, बाईला पान लागलंय. मी आतूनच म्हटलं, लिंबूपाणी द्या, व्हरांड्यात पडू द्या. सापाचं कोणी नावच काढलं नाही हो!”

आमच्या भागात साप चावला असं कोणी म्हणत नाही. नाव घेतलं की विष चढतं, असा समज. म्हणतात, ‘पान लागलं’. मुंबईच्या माणसाला पान एकच ठाऊक, विड्याचं. मला वाटलं, शब्दाने घात केला, जबाब घ्यायचे आणि कागद वर पाठवायचे. अशा वेळी पोलिसाला मनातून बरं वाटतं, हे कबूल करतो.

नवऱ्याचा जबाब घेतला. त्याचं मागणं एकच होतं. “सायब, तिनं उभ्या जल्मात पान खाल्लं न्हाई. तेवढं खोडा, आनि खरं काय झालं ते लिवा.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली झाडूवाली हवालदाराला बाजारात गाठून म्हणाली, “डाक्टर भाईरचा हाय, पर कंपौंडर? त्यो तर हितलाच की! त्या बाईच्या मान्सांस्नी त्यानं दारातच थांबीवलं. आत निरोप त्यानंच नेला.”

कंपौंडरला ठाण्यात बसवलं. दोन तास एकच पालुपद. “ते बोलले तेच मी सांगितलं, साहेब. मला काय कल्पना?” मोठा साळसूद. अशा माणसावर हात उगारून उपयोग नसतो. त्याला चहा द्यावा आणि निर्धास्त होऊ द्यावं. कप अर्धा झाला तेव्हा ठरल्याप्रमाणे हवालदार धापा टाकत आत आला. “सायब, पाटलाच्या सुनंला मळ्यात पान लागलंय!”

कंपौंडर ताडकन उठला. चहा सगळा अंगावर. “कुठं लागलं? वर आवळून बांधलंय का? चला, मी कपाट उघडतो!”

हवालदार जागचा हलला नाही. मग त्याला उमगलं आणि तो पुन्हा खाली बसला. शहरी बोलणंही गळून पडलं. “मेलेली जनावरं वढायची सोडली त्यांनी. बुद्ध झालो म्हंत्यात. दारात आली तवा मनात आलं, बसू दे जरा. मरंल असं न्हाई वाटलं, सायब.”

मी सगळं लिहून वर पाठवलं. वरिष्ठांनी मला सांगलीला बोलावून घेतलं. “पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही. त्याच्या मनातलं कसं शाबीत करणार? ‘गैरसमजुतीने’ लिहा.” कायद्याने ते बरोबर होतं. पण डॉक्टरचा, झाडूवालीचा जबाब होता, भांडायला जागा होती. मी भांडलो नाही. माझी बढती जवळ आली होती.

डॉक्टरांनी नोकरी सोडली. कंपौंडरची बदली झाली, तीही सोयीच्या गावी. रजिस्टरातली ओळ सरकारी दप्तर म्हणून तशीच राहिली.

सरकारने गावाला इमारत दिली, औषध दिलं, डॉक्टर दिला. दारात कोण उभा असतो आणि तो कोणाला किती वेळ ताटकळत ठेवतो, याची तपासणी करायला कधी कोणी आलं नाही. मला ते दिसलं होतं. दिसूनही मी कागदावर येऊ दिलं नाही. या प्रकरणाने मला माणसांबद्दल शिकवलं ते थोडं, माझ्याबद्दल जास्त.

अखेरचा अहवाल मी नवऱ्याला वाचून दाखवला. त्याने मान खाली घालून ऐकला.

“गैरसमजुतीनं म्हंजी, सायब, आमालाच नीट सांगता आलं न्हाई, व्हय?”

मी मान डोलावली.